गिअर बदलण्याची कला

फटफटी चालविणें म्हणजे तोल सांभाळणें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु सायकल येणाऱ्या मुलास तोलाची विद्या आधींच अवगत असते. खरी परीक्षा गिअर बदलतांना होते. नवशिक्यानें दुसरा गिअर टाकला कीं गाडी हिसका देते, आणि मागें बसलेल्या मनुष्याचें हेल्मेट चालकाच्या हेल्मेटावर आदळतें. हा हिसका कां बसतो आणि तो कसा टाळावा, याविषयीं शिकतांना आम्हांस जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

एंजिनाची गति आणि चाकाची गति यांचा मेळ घालणें, हें गिअरांचें काम. पहिल्या गिअरांत एंजिनाचे फेरे पुष्कळ आणि चाकाचे थोडे. म्हणून वेग कमी, पण जोर अधिक. वरच्या गिअरांत याच्या उलट. समजा, दुसऱ्या गिअरांत एंजिन मिनिटास ४००० फेरे घेत आहे, आणि त्याच वेगास तिसऱ्या गिअरांत त्याला ३००० फेरे पुरतात. गिअर बदलतांच ते हजार फेरे कोठें तरी जिरले पाहिजेत. एंजिनास मंद होण्यास क्षणभर अवकाश दिला, तर ते मुकाट्यानें जिरतात. न दिला, तर हिसक्याच्या रूपानें प्रकट होतात. हा अवकाश देणारें साधन म्हणजे क्लच. एंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्यें तबकड्यांची एक चळत असते. डाव्या हातानें क्लच दाबला कीं त्या सैल पडतात, आणि सोडला कीं पुन्हां एकमेकींस धरतात.

आमच्या मामांनीं पहिला पाठ एंजिन बंद ठेवूनच दिला. आमच्या गाडीचा पहिला गिअर खालीं आणि बाकीचे वर. हा क्रम डाव्या पायाच्या अंगवळणीं पडल्यावांचून त्यांनीं किल्ली हातीं दिली नाहीं. नंतर मोकळ्या मैदानांत त्यांनीं सांगितलें, "पाय आधींच दांड्याखालीं अलगद टेकवून ठेव. मग रेस सोडणें आणि क्लच दाबणें एकाच वेळीं. गिअर पडला कीं क्लच सोड. पण तो जेथें पकडूं लागतो, तेथें हात जरा सावकाश."

मामा स्वतः जुन्या बुलेटवर शिकलेले. तिचा गिअर उजव्या पायास आणि ब्रेक डाव्या पायास असे. त्याही पूर्वीं, १९२० च्या दशकांत, गिअरचा दांडा बहुधा पेट्रोलच्या टाकीशेजारीं असून तो हातानें ओढावा लागे. वेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनीं त्या दशकाच्या अखेरीस पायाचा असा गिअर सिद्ध केला कीं, एका दाबास एकच गिअर पडावा. दांडे बदलले, पाय बदलले. मेळ घालण्याचें तत्त्व मात्र तेंच राहिलें.

गिअर उतरविणें याहून नाजूक. येथें एंजिनास ३००० वरून ४००० वर चढावयाचें असतें. म्हणून क्लच दाबलेला असतांना मुठीस किंचित् पीळ देऊन रेस वाढवावी आणि मग क्लच सोडावा. असें न करतां खालच्या गिअरांत एकदम क्लच सोडला, तर मागचें चाक अडल्यासारखें होऊन घसरतें. आंबोलीच्या घाटांत आषाढाच्या पावसांत ही घसरण जिवावर बेतूं शकते. म्हणून वळणापूर्वींच, गाडी सरळ असतांना, गिअर उतरवावा. पेट्रोल वांचविण्याच्या लोभानें उतारावर न्यूट्रल तर कदापि टाकूं नये. कारण मग एंजिनाचा आवर नाहींसा होऊन सारा भार ब्रेकांवर पडतो.

आमच्या आजीस कंबरेचें जुनें दुखणें आहे, आणि तालुक्याच्या दवाखान्यांत तिला आमच्याच मागें बसून जावें लागतें. प्रत्येक हिसका तिच्या कंबरेस कळतो, पण ती तोंडानें बोलत नाहीं. आमच्या खांद्यावरची तिची पकड तेवढी घट्ट होते. ती पकड वाटभर सैल राहिली, म्हणजे त्या दिवशीं विद्या साधली, असें आम्ही समजतों.

विद्यार्थी मित्रांनो, मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. आणि तो नियम मोडण्यांत कसलाही पुरुषार्थ नाहीं. तोंवर गिअरच्या सायकलीवर अभ्यास करावा. गिअर बदलतांना पायडलावरचा जोर क्षणभर कमी केला, कीं सांखळी मुकाट्यानें आपली जागा घेते. जोर लावण्यापूर्वीं क्षणभर थांबण्याची ही संवय लहानपणींच जडली, तर पुढें मोठ्या गाडीवर ती आपोआप हातीं येते, आणि मागें बसणारा निर्धास्त राहतो.