टाचणीएवढं भोक

मेरीलँडमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटचं छत ओलं झालं. प्लंबरने छत फोडलं, तांब्याच्या पाइपचा वीतभर तुकडा कापून नवा जोडला आणि जुना टाकायला निघाला. मी तो मागून घेतला, आणि तेव्हापासून भेटेल त्याला दाखवत सुटलो आहे! बाहेरून पाहाल तर नवाकोरा. फक्त एका जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक. मग मी हॅकसॉने तो उभा चिरला, आणि आत काय दिसलं म्हणून सांगू!

सगळीकडे तपकिरी, गुळगुळीत, शाबूत तांबं. आणि मध्येच, बरोब्बर भोकाच्या जागी, हिरवट-निळा उंचवटा. सुईने खरवडला तर खाली लाल कण, त्याखाली पांढरट पूड, आणि पुडीखाली खड्डा. हिरवं ते मुख्यतः तांब्याचं कार्बोनेट, लाल ते क्युप्रस ऑक्साइड, पांढरं ते क्युप्रस क्लोराइड. अर्धा इंची ‘एम’ टाइप पाइपची भिंत असते जेमतेम 0.7 मिलिमीटर, आणि तेवढ्यात एक अख्खी रासायनिक भट्टी चालू होती!

खरी गंमत आहे ती त्या उंचवट्यात. तो खड्ड्यावरचं झाकण आहे. झाकणाखाली तांबं विरघळतं, त्याच्या विद्युतभाराचा समतोल राखायला पाण्यातलं क्लोराइड आत शिरतं, क्युप्रस क्लोराइड तयार होतं, त्याची पाण्याशी क्रिया झाली की आम्ल सुटतं, आणि आम्ल आणखी तांबं खातं. नळाचं पाणी अल्कधर्मी असलं तरी खड्ड्यातलं आम्लधर्मी! शिवाय भोवतालचं सगळं शाबूत तांबं या कामात सामील असतं. खड्ड्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तिथे पोहोचतात आणि पाण्यातला ऑक्सिजन नाहीतर क्लोरीन ते उचलतो. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचा सगळा भार एका बिंदूवर येतो. म्हणून तर जे पाइप 50 वर्षं सहज टिकावेत ते काही वर्षांतच भोकं पडून गळू लागतात. (आजीचा तांब्याचा हंडा का टिकला, तेही मला इथेच उमगलं. चिंचेने घासताना तांबं सगळीकडून सारखं झिजायचं, झाकण धरायला उसंतच नव्हती.)

पाणी घाण असेल म्हणून असं होतं, असं कुणालाही वाटेल. पण वॉशिंग्टनच्या मेरीलँडकडच्या उपनगरांत 2000च्या आसपास अशा भोकांच्या हजारो तक्रारी आल्या, आणि पाणी तर पिण्यायोग्य, नीट शुद्ध केलेलं! व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत ही भोकं मुद्दाम पाडून दाखवली. त्यासाठी काय लागलं? चढा पीएच, क्लोरीन आणि अ‍ॅल्युमिनियमचे कण. हे अ‍ॅल्युमिनियम म्हणजे पाणी तुरटीने निवळल्यावर मागे राहतं ते. आपण पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतो त्या तुरटीच्याच जातीची! इंग्लंडमध्ये हेक्टर कॅम्पबेल यांना 1950च्या दशकातच दिसलं होतं की नदी-तलावांच्या पाण्यातले काही नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ तांब्याला जपतात. शुद्धीकरणात नेमके तेच आता जास्त काढले जातात. उपायही किती साधा: पाण्यात किंचित ऑर्थोफॉस्फेट. आमच्या भागात ते 2003 मध्ये सुरू झालं.

आणि याच्या पुढचं वाचून तर मी खुर्चीतून उठलोच. भोकांचा माग काढत एडवर्ड्स वॉशिंग्टनच्या घराघरांत गेले आणि तिथल्या पाण्यात त्यांना भयंकर प्रमाणात शिसं सापडलं. पुढे 2015 मध्ये फ्लिंट शहराच्या पाण्यातलं शिसं उघड करणाऱ्यांतही ते होते. एका टाचणीएवढ्या भोकामागे लागलेला माणूस कुठवर पोहोचला!

तेव्हा तुमच्याकडे तांब्याचा पाइप गळला तर कापलेला तुकडा सोडू नका. उभा चिरून पाहा. वळणानंतर नालेच्या आकाराचे चकचकीत खड्डे असतील तर पाण्याचा वेग किंवा कापताना न घासलेली कड कारणीभूत. सांध्यापासून हिरवा ओघळ आला असेल तर डाग देताना जास्त लावलेला फ्लक्स. आणि सरळ पाइपात हिरवे उंचवटे विखुरलेले दिसले तर तेवढा तुकडा बदलून थांबू नका. बाकीच्या पाइपांतही ते असण्याची दाट शक्यता, ताबडतोब पाणी तपासून घ्या.