मिनर्व्हाचा राग

वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात शिरलो, तेव्हा मला आठवला तो मिनर्व्हा नावाचा यंत्रमानव. १९९८ साली दोन आठवडे तो येथे प्रेक्षकांना वस्तूंची माहिती सांगत हिंडला. छत न्याहाळून तो आपला ठावठिकाणा ओळखी. एकूण चाल भरली ४४ किलोमीटरांहून अधिक! पण खरी गंमत त्याच्या चेहऱ्याची. गर्दीने वाट अडवली की हसू मावळे, भुवया चढत, आवाज कडक होई. आम्ही प्राध्यापक वर्गात दुसरे काय करतो? हे मी कौतुकाने सौभाग्यवतींना सांगितले.

त्या म्हणाल्या, "वाट मोकळी झाल्यावर?"

"पुन्हा हसे."

"मग तुमचं तसं नाही. तुमचा राग घरापर्यंत येतो."

मी निमूटपणे पुढच्या दालनाकडे वळलो.