हिशेब आधी कुणाचा?

एका जिल्ह्याच्या गावात अखिल भारतीय कार्यालयं असावीत तरी किती? 1934 च्या अखेरीस वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ आला. 1936 मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती आली. 1937 च्या ऑक्टोबरात इथे शिक्षण परिषद भरली. तिच्यातून पुढच्या वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला आणि सेवाग्रामला रुजला. 1941 मध्ये जमनालालजी बजाजांनी गोसेवा संघ उभा केला. नालवाडीला विनोबांचं ग्रामसेवा मंडळ आणि दत्तपूरला मनोहरजी दिवाणांचं कुष्ठसेवेचं काम त्याआधीपासून चालू होतंच. देशभर पसरलेल्या या पसाऱ्याचा पैसा, माणसं, पत्रव्यवहार आणि रुसवेफुगवे हे सगळं या गावातून सायकली, बैलगाड्या आणि पोस्टकार्डांच्या जोरावर सांभाळलं जात होतं.

तो काळ माझ्या जन्माआधीचा. पण त्या मुशीतून निघालेली म्हातारी माणसं मी जवळून पाहिली. सत्तरच्या दशकात मी एका संस्थेत हिशेबनीस म्हणून लागलो, तेव्हा ती पिढी अजून खुर्चीत होती. खुर्चीत म्हणजे गादीवर, पुढ्यात उतरतं मेज घेऊन. संस्थेच्या सचिवाला तेव्हा 'मंत्री' म्हणत. आमचे मंत्री सगळ्यांचे काकाजी होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सारे कार्यकर्ते सतरंजीवर बसत आणि मी गेल्या महिन्याची रोजकीर्द मोठ्याने वाचत असे. शिरस्ता असा होता की पहिलं नाव काकाजींचं. नागपूरचं पॅसेंजरचं तिकीट, स्टेशनवरून टांगा केला असेल तर त्याचं भाडं आणि का केला त्याचं कारण, पोस्टाची तिकिटं, एखादी शाईची दौत. मग व्यवस्थापक, मग आम्ही, आणि सर्वांत शेवटी गोशाळेतला गडी. गड्याची पाळी येईपर्यंत त्याला विचारण्यासारखं काही उरलेलंच नसे. ज्याने आपला टांगा सगळ्यांसमोर मांडला, त्याच्या पुढ्यात खोटं बिल ठेवायला हात धजत नसे.

ही रीत आली कुठून, ते मला पुढे कळलं. मगनवाडीच्या ग्रामोद्योग संघाचे मंत्री होते जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबतपासनिसाचं शिक्षण आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, असा माणूस वर्ध्याच्या उन्हात हातसडीच्या तांदळाचा आणि तेलघाणीचा विचार करत बसला होता. वर्ध्याला येण्याआधी 1934 च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्याच्या रोजच्या खर्चाला त्यांनी 3 आण्यांची मर्यादा घातलेली. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले, तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना स्वच्छ कळवलं की हा निधी भूकंपग्रस्तांचा आहे, तुमच्या मंडळींचा खर्च त्यातून होणार नाही. गांधीजींनी ते मानलं. आणि त्याच वर्षी नव्या संघाचा कारभार सोपवायची वेळ आली, तेव्हा हाच माणूस निवडला. स्वतःला नाही म्हणणाऱ्याला बढती देणारा वरिष्ठ आपल्यापैकी किती जणांना भेटला असेल?

1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला राहायला गेले. त्याचं सेवाग्राम हे नाव नंतरचं. तिथल्या पहिल्या घराचा खर्च 500 रुपयांच्या आत बसवायचा, सामान आणि कारागीर जवळपासचेच घ्यायचे, अशी अट होती. महादेवभाई तेव्हा मगनवाडीत राहत. रोज जाऊन-येऊन सुमारे 11 मैल ते चालत, तेही वर्ध्याच्या मे महिन्यात. व्हाइसरॉयशी चाललेला पत्रव्यवहार याच पायवाटेने ये-जा करत होता.

त्या काळच्या नेतृत्वाचा दुसरा धडा कामाच्या वाटपात होता. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले. त्यांना आश्रमात ठेवायचं की नाही याची कुजबुज सुरू झाली.  गांधीजींनी शास्त्रीजींच्या अंगाला मालिश करायचं काम स्वतःकडे घेतलं. परचुरे कुटी आजही आश्रमात उभी आहे. विनोबा 1946 पासून पवनारहून फावडं खांद्यावर टाकून रोज सुरगावला जात आणि गावातला मैला उचलत. जे काम कुणाला सांगता येत नाही, ते वरच्याने हातात घ्यायचं, हा त्यांचा परिपत्रक काढण्याचा प्रकार होता.

खासगी धंद्यातही वर्ध्याची एक चाल होती. जमनालालजी कापसाचे व्यापारी. बच्छराज ही त्यांची पेढी, आणि 1920 पासून मरेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी 1942 पर्यंत, ते काँग्रेसचे खजिनदार. एका हातात घरचा धंदा, दुसऱ्या हातात देशाचा पैसा. दोन्ही थैल्यांच्या मधली भिंत जपणं किती अवघड, हे सहकारी पतसंस्था चालवणाऱ्याला विचारा. 1928 मध्ये त्यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं, ते स्वतःच्या घराण्याचं मंदिर होतं. दुसऱ्याच्या देवळापुढे मोर्चा काढण्याआधी आपल्या देवळाचं कुलूप काढायचं, हीच हिशेब आधी स्वतःचा मांडण्याची रीत. हे वळण पुढच्या पिढ्यांत थोडंफार उतरलं. त्यांचे नातू राहुल बजाज पुण्याजवळ आकुर्डीत कारखान्याच्या वसाहतीतच वर्षानुवर्षं राहिले. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत त्या काळात मालक भोंग्याच्या टप्प्यात राहत होता.

आणि दवाखाना. डॉ. सुशीला नायर 1962 ते 1967 केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. मंत्रिपदानंतर बहुतेकांची पावलं राज्यपालांच्या बंगल्याकडे वळतात. त्या सेवाग्रामला आल्या आणि 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी कस्तुरबा रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढलं. ऐंशीच्या दशकात तिथल्या डॉ. उल्हास जाजूंनी गावागावांत जवारीचा आरोग्यविमा रुजवला. सुगीच्या वेळी ज्याची जेवढी ऐपत तेवढी जवारी, मोठ्या शेतकऱ्याची जास्त, भूमिहीनाची कमी, आणि त्या बदल्यात साऱ्या गावाला दवाखान्याचा आधार. योजना घ्यायची की नाही हे गाव सभेत ठरवी. विमा कंपनीचे प्रतिनिधी गावात पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता आजचा कारभार पाहू. मी पुढे सरकारी नोकरीत गेलो, निवृत्त झालो, आणि आता पुतण्या-भाच्यांच्या तोंडून ऐकतो. अंगणवाडी सेविकेच्या हातात मोबाइल आहे. पोरांचं वजन करायचं, ते पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं, फोटो टाकायचा. ग्रामसेवकाला शोषखड्ड्याचा जिओ टॅग फोटो पाठवायचा असतो. रात्री 10 वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, "उद्या सकाळी 11 पर्यंत माहिती सादर करावी." सकाळी व्हीसी असते, तालुक्याच्या हॉलमध्ये माणसं पडद्यापुढे बसतात आणि वरून आकडे विचारले जातात. कारखान्यात गेलात तर तिथेही एचआर आहे, केपीआय आहे, वर्षअखेरीचं अप्रेझल आहे. कामगार अंगठा लावून आत शिरतो, त्याच्या उशिराची मिनिटं यंत्र मोजतं. आमचा एक भाचा म्हणतो, "मामाजी, आमच्या साहेबांना मी वर्षात दोनदा पाहतो, पण ते मला रोज पाहतात जी."

या सगळ्यात माहितीला तोटा नाही. आमच्या काकाजींना साऱ्या जिल्ह्याची खबर मिळायला पंधरवडा लागे, आज ती बोटावर आहे. फरक पडला तो हिशेबाच्या दिशेत. पूर्वी तो वरून सुरू होऊन खाली येई. आता खालून निघतो, वर चढतो आणि वरच्या मजल्यावर विरून जातो. सेविकेची हजेरी साऱ्या ग्रुपला ठाऊक असते. ग्रुप चालवणाऱ्या साहेबांनी या महिन्यात किती अंगणवाड्यांत पाय ठेवला, ते कुणाला माहीत नसतं. आणि विचारण्याची सोयही नसते, कारण त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं.

म्हणून जुनं सगळं सोनं होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या सतरंजीवर मी बसलो आहे, तिच्याखालची धूळही मला माहीत आहे. माझ्या त्या पहिल्या संस्थेत पगाराला मानधन म्हणत आणि ते कधी दोन-दोन महिने उशिरा मिळे. भविष्यनिर्वाह निधी नव्हता. रजेचा नियम कुठे लिहिलेला नव्हता; काकाजींना पटलं तर रजा, नाही तर प्रवचन. एका बाळंतिणीला तिसऱ्या आठवड्यात चरख्यावर बसलेलं मी पाहिलं आणि त्याचं कौतुकही ऐकलं. त्यागाच्या नावाखाली ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून जास्त काम काढून घेतलं जाई. आजची प्रसूतिरजा, किमान वेतन, निवृत्तिवेतनाची फाइल हे सगळं कायद्याने आणि लढून मिळालं आहे, कुणाच्या चांगुलपणाने नाही.

त्याहून मोठा दोष म्हणजे सारं एका माणसाच्या वागणुकीवर उभं होतं. गांधीजी गेल्यावर मार्च 1948 मध्ये सेवाग्रामला सगळी मंडळी जमली. नेहरू, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद, विनोबा, कुमारप्पा, जयप्रकाश. प्रश्न हाच होता की आता कुणाकडे पाहायचं, आणि इतक्या साऱ्या संघांचं काय करायचं. विनोबांचा ओढा नियम-पदाधिकाऱ्यांशिवायच्या सैल बंधुभावाकडे होता, त्यातून सर्वोदय समाज आला. आणि कामं एकत्र करायला सर्व सेवा संघ आला. म्हणजे वारसदाराचा प्रश्न तेव्हाच्या थोरांनाही सोपा गेला नाही. अनेक संस्थांत पुढे मंत्री गेले, तसबीर राहिली, आणि विश्वस्तांच्या नावांत एकच आडनाव पिढ्यान्‌पिढ्या दिसू लागलं. त्यातून वाट काढलेली एक जागा मात्र आमच्या जिल्ह्यात आहे. 1959 मध्ये विनोबांनी पवनारला धाम नदीकाठी बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. तिथे प्रमुख नाही, निर्णय सर्वानुमतीने. विनोबा 1982 मध्ये गेले, तरी तिथलं काम थांबलं नाही.

शिवाय आज आमच्या हातात जे आहे ते काकाजींच्या काळी नव्हतं. 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने 17 बाबी कुणी मागण्याची वाट न पाहता जाहीर करायच्या असतात, त्यात अंदाजपत्रक आहे आणि अधिकाऱ्यांचं मासिक वेतनही. 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे; ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. काकाजींची सतरंजी त्यांच्या मर्जीवर होती. ही सतरंजी कायद्याने अंथरलेली आहे, पण तिच्यावर येऊन बसायला कुणी तयार नाही. कितीतरी कार्यालयांत या 17 बाबींचा फलक दारामागे असतो, नाहीतर त्यावरचे आकडे बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या काळातले असतात. अहवाल छापल्याने हिशेब दिला असं होत नाही, हे वर्धेकर मोठी किंमत देऊन शिकले आहेत. 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना स्वतःच्याच पैशासाठी खेटे घालावे लागले. वार्षिक अहवाल त्याआधीही निघत होते.

तेव्हाची माणसं थोर होती आणि आताची नाहीत, असं मला वाटत नाही. आजही या जिल्ह्यात असे मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी आणि सरपंचबाई आहेत की ज्यांच्या हाताखाली काम करायला माणसं आपणहून बदली मागतात. त्यांच्यात सारखी गोष्ट एकच. फायलीवर सही करण्याआधी ते जागेवर जाऊन आलेले असतात, आणि आपण चुकलो तर तेही मीटिंगमध्येच सांगतात. कुमारप्पांच्या 3 आण्यांत आणि या माणसांच्या वागण्यात मला फरक दिसत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुम्ही कुठल्याही कार्यालयाच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या, कारखान्याच्या वरच्या खुर्चीत असाल, तर पुढच्या मासिक बैठकीत पहिला कागद स्वतःचा ठेवा: महिन्याचे दौरे, गाडीचा खर्च, राहून गेलेली कामं. आणि खुर्चीत नसाल, तर येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. योजनांची यादी वाचून झाली की उठा आणि सरपंच, सचिव यांना आधी त्यांचा हिशेब वाचायला सांगा. गांधीजयंतीला हार घालण्यापेक्षा वर्धा जिल्ह्याला हे जास्त शोभेल.