कशामुळं जळाली?

वास आधी आला, धूर नंतर दिसला. तो वास माझ्या ओळखीचा होता. लातूरकडं वाढलेल्या कुणालाही तो ओळखू येतो. ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळते, वार्निश करपतं आणि तो वास घशात बसून राहतो. फरक इतकाच, की या वेळी जळालेली मोटार सुपारीएवढी होती. ती नांदेडच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, एका खेळातल्या रेल्वे इंजिनाच्या पोटात होती.

इंजिन अण्णांसाठी घेतलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, लातूरचे. त्यांचं बालपण बार्शी लाइटच्या गाडीत गेलं. ही अडीच फुटी रुळांची रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये सुरू केली आणि 1911 मध्ये ती लातूरला पोचली. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून सुरू आहे. तिथं अण्णांना घेऊन गेले, तर ते काचेपुढून हलेनात. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "जलदूतची गाडी करायची." 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन जलदूतची पहिली गाडी लातूरला आली. दहा टँकर, प्रत्येकात 50 हजार लिटर. ती आली तीही बहुतेक बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेनं, रुंद झालेल्या रुळांवरून. तहानलेल्या गावातल्या त्या गर्दीत अण्णा उभे होते.

म्हणून मी 1:87 मापाचं एक जुनं, परदेशी बनावटीचं इंजिन मिळवलं. 16.5 मिलिमीटर रुळांवर 12 व्होल्टवर चालणारं. अण्णांच्या हाती देण्याआधी एकदा चालवून बघावं म्हणून सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर जोडला आणि रेग्युलेटर फिरवला. इंजिन गुरगुरलं, पण हललं नाही. मला वाटलं, जोर कमी पडतोय. म्हणून बटण शेवटपर्यंत नेलं आणि वाट बघत राहिले.

नांदेडमध्ये ते उघडायला कुणी तयार होईना. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं इंजिन उलटंपालटं करून परत दिलं. शनिवारी ते रुमालात गुंडाळलं आणि लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं लातूर गाठलं. अण्णांना काही कळू दिलं नाही. लातुरात पाणबुडी मोटारी भरणाऱ्यांची दुकानं पावलापावलावर आहेत. 'भरणं' म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. त्यातल्या एका दुकानात गेले. काउंटरमागचे मामा साठीचे असतील. त्यांनी मोटार तळहातावर घेतली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारतात तोच प्रश्न मला विचारला.

"कशामुळं जळाली, ताई?"

मी म्हटलं, "माहीत नाही. जुनी होती."

"जुनी मोटार जळत न्हाई. काहीतरी अडतं म्हणून जळती. बोअरमधी गाळ भरला, पंप जाम झाला, की वरून लाइट चालूच ऱ्हाती. तुमचं काय अडलं, ते आधी बघा. न्हाई तर मी भरून देणार अन् तुम्ही पुन्हा जाळून आणणार."

तिथंच स्टुलावर बसून आम्ही इंजिन उघडलं. मोटारीच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे असलेला वर्म असतो, तो पितळी चाकाला फिरवतो. त्या दोघांमधलं ग्रीस वर्षानुवर्षं वाळून डिंकासारखं घट्ट झालं होतं. चाक नखानंही हलेना. म्हणजे मी बटण फिरवत होते तेव्हा मोटार जागेवरच जखडलेली होती. फिरणारी मोटार स्वतःच थोडी उलटी वीज तयार करते आणि आत येणारा प्रवाह रोखते. ती थांबली की हा रोध संपतो. मग उरतो तो फक्त तारेचा विरोध. मोकळी चालताना 0.2 अँपिअर घेणारी मोटार अडकल्यावर 1.7 अँपिअर ओढत होती. माझा अडॅप्टर 2 अँपिअरचा, त्यामुळं तो तेवढं निमूट देत राहिला. सुपारीएवढ्या जागेत 20 वॅटची उष्णता!

मग मामांनी मीटर लावला. या मोटारीच्या आर्मेचरला तीन बोटं असतात, प्रत्येक बोटावर तारेची एक गुंडाळी आणि टोकाला तीन तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर. पट्ट्यांच्या जोड्यांमध्ये आकडे आले साडेपाच, साडेपाच आणि एक ओहम. मी गोंधळले. जळालेली गुंडाळी एकच दिसत होती, मग तिन्ही आकडे बिघडलेले कसे? शिवाय 1.7 अँपिअरच्या हिशेबानं ते 7 असायला हवे होते.

मामांनी चष्मा वर सरकवला. "हे तर डेल्टा हाय की. आमच्या थ्री फेजच्या मोटारीसारखंच." बिलाच्या पाठीमागं त्यांनी त्रिकोण काढला. तीन बाजू म्हणजे तीन गुंडाळ्या, तीन कोपरे म्हणजे तीन पट्ट्या. मीटर कुठल्याही दोन कोपऱ्यांना लावला तरी वीज दोन्ही वाटांनी जाते, एका बाजूनं सरळ आणि उरलेल्या दोघींतून वळसा घालून. एक बाजू आतून शॉर्ट झाली, की बाकीच्या जोड्यांचे आकडेही खाली येतात. प्रत्येक गुंडाळी साडेदहा ओहमची धरली तर निरोगी आकडा बरोबर 7. ते कागदावर उतरलं तेव्हा मला किती आनंद झाला, सांगता येत नाही. एक बंद डबी कुणीतरी माझ्यासाठी उघडून दाखवली होती.

कॉम्युटेटर आणि चुंबकानं मात्र मामाही थबकले. "आमच्या मोटारीत ना कार्बन, ना लोहचुंबक." त्यांच्याकडची तारही जाड होती. "हे तुम्हीच भरा, ताई. बोटं बारीक हायत तुमची." चांगली गुंडाळी सोडवताना मी 198 वेढे मोजले. तारेची जाडी मामांच्या मायक्रोमीटरवर 0.1 मिलिमीटर आली, जवळजवळ केसाएवढी. तशी तार एका जुन्या रेडिओच्या बॅटरी एलिमिनेटरमध्ये सापडली, त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या मेनकडच्या गुंडाळीत. निघताना मामांनी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब दिला. "सिरीजमध्ये लावा. मोटार अडली तर बल्ब पेटल, मोटार वाचल."

नांदेडला परतल्यावर चार रात्री गेल्या. तार दोनदा तुटली. एकदा डाग देताना कॉम्युटेटरखालचं प्लॅस्टिक मऊ पडलं, तेव्हा श्वास रोखून बसले. तिन्ही बोटांवर 200-200 वेढे झाले. तारेच्या टोकांवरचं इनॅमल ब्लेडनं खरवडलं आणि एका गुंडाळीचं शेवटचं टोक व पुढचीचं पहिलं टोक एका पट्टीवर जोडत गेले. मीटर लावला. 7, 7, 7. वीज दिली, तर मोटार नुसती थरथरली.

ही रात्र सगळ्यांत वाईट गेली. मीटर म्हणत होता सगळं ठीक, आणि मोटार फिरत नव्हती. पहाटे केव्हातरी लक्षात आलं, की मीटर विरोध मोजतो, वेढ्यांची दिशा त्याला कळत नाही. मुलाच्या कंपासपेटीतलं होकायंत्र आणलं. दीड व्होल्टचा सेल क्रमानं एकेका जोडीला लावला आणि त्या त्या बोटाजवळ सुई धरली. पहिल्या दोन बोटांना उत्तर टोक ओढलं गेलं, तिसऱ्याला दक्षिण. तिसरी गुंडाळी मी उलट्या दिशेनं घातली होती. तिचे 200 वेढे सोडले आणि पुन्हा घातले.

मग वर्म आणि पितळी चाक रॉकेलनं धुतलं, इतकं की फुंकर घातली तरी फिरावं. सिरीजचा बल्ब लावून वीज दिली. तो क्षणभर लाल झाला आणि विझला. इंजिन चाललं. मागं चाललं. चुंबक बसवताना फिरवला गेला होता. काढून उलटा बसवल्यावर ते पुढं जायला लागलं. अँपिअर मीटरवर 0.2.

पुढच्या रविवारी लातूरला अण्णांच्या प्लायवूडवरच्या रुळांवर गाडी ठेवली. नवी असताना असेल तेवढा जोर आता तिच्यात नाही. जुने चुंबक मोटारीबाहेर काढले की थोडे दुबळे होतात, हे मला नंतर समजलं. सहा टँकर ती सहज ओढते. सातवा जोडला की चाकं मंदावतात आणि बल्ब लाल होऊ लागतो.

सगळी हकीकत मी तेव्हाच अण्णांना सांगितली. धूर, मामा, होकायंत्र, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. लाल होणारा बल्ब बघितला, वीज बंद केली आणि शेवटचे चार टँकर सोडवून बाजूच्या रुळावर नीट उभे केले.

"हे दुसऱ्या खेपेला नेऊ," अण्णा म्हणाले.