अंगणातला अंगूर



आमचं घर नालछ्याचं. धारहून मांडूला जाताना वाटेत लागतं तेच नालछा. धार संस्थानाच्या काळात पणजोबा कारकून म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. मागच्या अंगणात, विहिरीजवळ, लाकडी मांडवावर एक जुनी वेल होती. तिला द्राक्षाची वेल म्हणणारी घरात एकटी आजी. आम्ही मुलं मित्रांचं ऐकून ‘अंगूर’ म्हणायचो आणि आजी दर वेळी सुधारायची, ‘‘अरे, द्राक्ष म्हण, द्राक्ष!’’

फळ काही फार गोड नव्हतं. मणी लहान, काळे, आत बिया. साल जाड, दाबलं की गर टुपकन बाहेर यायचा आणि साल बोटात राहायची. पण वास असा की पडवीत बसलेल्या माणसाला फळ पिकल्याचं आपोआप कळावं. आजी त्याचं सरबत करायची.

१९९४ साली अंगणात सिमेंटची टाकी बांधायची ठरली. वेल आड येत होती. बाजारात बिनबियांची गोड द्राक्षं मिळत असताना ही आंबट वेल कशाला, असं मीच म्हणालो आणि मीच कुऱ्हाड चालवली. आजी काही बोलली नाही. त्या वर्षी तिने सरबताची बाटली धुऊन माळ्यावर ठेवून दिली, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला भाचीकडे गेलो होतो. ती वनस्पतीशास्त्र शिकते. बोलता बोलता मी त्या वेलीचं वर्णन केलं. ती म्हणाली, ‘‘मामा, साल सुटणं आणि असा उग्र वास ही अमेरिकन जातीच्या द्राक्षांची खूण. कदाचित तुमची वेल संकरित असेल.’’ मग तिने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची गोष्ट सांगितली.

ही संस्था १९४६ साली सुरू झाली. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे, आणि कलकत्त्याला वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलुखाबाहेर राहून काम केलेला हा मराठी माणूस आपल्याला जवळचा वाटावा असाच. त्यांच्या पश्चात १९७० च्या दशकापासून संस्थेत द्राक्ष सुधारण्याचं काम सुरू आहे. तिथे जी वाणं सांभाळली गेली, त्यांत ‘कॅटॉबा’ नावाचं एक जुनं अमेरिकन वाण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत त्याचा मोठा बोलबाला होता. ते स्वतःच अमेरिकन रानद्राक्ष आणि युरोपी द्राक्ष यांच्या आपोआप झालेल्या संकरातून आलेलं. आजच्या बाजारात त्याला कोण विचारणार? पण बुरशीच्या रोगांपुढे टिकून राहण्याचा गुण त्याच्या अंगात होता.

संस्थेतल्या डॉ. सुजाता तेताली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कॅटॉबाचा ‘ब्यूटी सीडलेस’ या बिनबियांच्या वाणाशी संकर केला. त्यातून ‘एआरआय ५१६’ हे वाण तयार झालं. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत ते पिकतं, रसाला उत्तम आहे आणि बुरशीला सहज बळी पडत नाही. म्हणजे फवारणी कमी, खर्च कमी. जुनी वेल कोणीतरी जपली होती, म्हणूनच हे होऊ शकलं.

मी विचारलं, ‘‘बिया जपून ठेवल्या तर चालत नाही का?’’ भाची हसली. द्राक्षाच्या बीपासून उगवलेलं रोप आईसारखं निघत नाही. वाण जसंच्या तसं हवं, तर काडी लावूनच वाढवावं लागतं. म्हणून वेलींचा संग्रह कपाटात ठेवता येत नाही. तो मातीतच, दर वर्षी पाणी घालून, छाटणी करून जिवंत ठेवावा लागतो. शेवटची वेल तोडली की वाण संपलं.

हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या माळव्याला द्राक्ष नवं नाही. ‘आईन-ए-अकबरी’त माळव्यातल्या हासिलपूरच्या द्राक्षवेलींना वर्षातून दोनदा फळ येतं अशी नोंद आहे. १६१७ साली मांडूला येताना जहांगीर बादशहा त्याच वाटेने आला, आणि तिथली द्राक्षं गरिबालाही परवडतील इतकी स्वस्त असल्याचं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. आज आपल्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

आमची वेल कॅटॉबाची नातेवाईक होती की आणखी कोणी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. नाव विचारायला आजी नाही, दाखवायला पान नाही. काडी मात्र तेव्हा सहज ठेवता आली असती. छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढी जाड, पक्व काडी घ्यायची, तिला तीन-चार डोळे ठेवायचे, खालचं टोक खालीच राहील अशी ओलसर मातीत लावायची. काही आठवड्यांत मुळं धरते. एका जुन्या डब्यात मावली असती ती!

म्हणून मुलांना एक विनंती. या सुट्टीत आपल्या आणि शेजारच्या अंगणातली जुनी झाडं मोजा. सीताफळ, लिंबू, जाई, काहीही असो. ते कोणी लावलं, कुठून आणलं, घरात त्याला काय म्हणतात, हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा. आणि पालकहो, विश्वस्त मंडळींनो, शाळेच्या कुंपणालगत थोडी जागा या झाडांच्या कलमांसाठी ठेवता येईल का, याचा विचार व्हावा. पहिला मांडव घालायला मी येईन. कुऱ्हाड घरीच ठेवून.