मोडीत घालण्याआधी नाव वाचा

वाचकहो, गावात नवे घर उभे राहिले की मला आनंद होतो. स्लॅब पडतो, फरशी बसते, स्वयंपाकघरात ओटा येतो, बायामाणसांच्या डोळ्यांतला धूर जातो. हे सगळे व्हायलाच हवे. पण वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी दारात मोडवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहतो, तेव्हा मात्र जीव थोडा होतो. काटा टांगला जातो आणि माळ्यावरचा हंडा, घंगाळ, परात, समई एकामागून एक त्याला लटकतात. जुन्या दाराची सागवानी चौकट उभ्या उभ्या विकली जाते. त्या पैशांत भर घालून शहरातून सोफा येतो, शोकेस येते आणि शोकेसमध्ये ठेवायला प्लॅस्टिकची फुले येतात.

माझे काम पिकांचे. पण कृषी खात्यातला माणूस शेतात जितका हिंडतो तितकाच तुमच्या ओसरीवर बसतो, म्हणून घरे पुष्कळ पाहिली. ज्या घरात शिरताच 'बसावे, निवांत चहा घ्यावा' असे वाटते, त्या घरातल्या वस्तू बहुधा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या असतात. ज्या घरात नवी खुर्ची मळेल म्हणून पाहुणा अंग चोरून बसतो, तिथे थाट असतो, पण आराम नसतो. खरी ऐट आरामात असते.

गंमत पाहा. तुम्ही वजनावर दिलेले घंगाळ सगळेच भट्टीत जात नाही. त्यातले चांगले निवडून बाजूला पडते, पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचते आणि एखाद्या हॉटेलाच्या दारात पाणी आणि झेंडूची फुले भरून बसते. पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, कोरीव दारे असल्या घरगुती वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले. आज लोक तिकीट काढून ज्या वस्तू पाहतात, त्यांची भावंडे अजून आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेली आहेत.

जुन्या भांड्याची घडणही समजून घ्या. तांबटाने केलेल्या घंगाळावर छोटे छोटे गोल ठसे दिसतात. त्याला मठार म्हणतात. हातोडीच्या एकेका ठोक्याने तांब्याचा पत्रा घट्ट होतो, कणखर होतो. ती शोभा आहे, तशीच मजबुतीही आहे. पुण्याची तांबट आळी याच कामाने नावारूपाला आली. आता धान्याची मापे घ्या. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५८ पासून किलोची वजने आली आणि पुढे व्यवहारातून ही मापे गेली. म्हणून ती फेकायची का? नातवंडांच्या हातात पायली द्या, ज्वारी मोजू द्या. शाळेतल्या पाढ्याला अर्थ येईल.

परंतु मला सांगायचे आहे ते याहून वेगळे.

एका घरी ठिबकचे कागद पाहायला गेलो होतो. अंगणात मोडवाला बसलेला. दहावीतली नात एक पितळी कळशी उलटीपालटी करत होती. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले होते. तिने ते मोठ्याने वाचले आणि विचारले, "आजी, ही कोण गं?"

आजी ऐंशीच्या पुढची. म्हणाली, "मीच की. माहेरचं नाव हाय ते. लग्नात बदललं. कळशी माझ्या मामानं दिली होती."

घरात कुणालाच ते नाव माहीत नव्हते. तिच्या पोटच्या मुलालाही नव्हते. कुणी काही बोलले नाही. सुनेने उठून कळशी काट्यावरून काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

वाचकहो, आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पुष्कळदा नावही बदलत असे. जन्मभर ती ज्या शेतात खुरपते, त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागते? बहुतेक वेळा वारस म्हणून, कुंकू पुसल्यावर. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्माचा हक्क मिळाला तो आपल्या राज्यात १९९४ च्या कायद्याने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने. त्याआधी लग्न होऊन गेलेल्या किती जणींजवळ स्वतःचे नाव असलेली अशी एकच वस्तू होती, माहेरहून आलेले भांडे. मोडवाल्याच्या काट्यावर त्या नावाचे वजन होत नाही.

तेव्हा नवे घर सजवताना या वस्तूंना जागा द्या. मात्र घराचे संग्रहालय करू नका. दहा वस्तू मांडल्या की अडगळ होते, दोन मांडल्या की शोभा येते. ज्या वस्तूचा वापर होईल ती आधी निवडा. घंगाळ दारात पाणी भरून ठेवा, पाहुण्याला हातपाय धुवायला होईल. जुन्या दाराच्या फळीला चार पाय लावले की मुलांना अभ्यासाचे मेज झाले. पेटारा ओसरीवर ठेवा, आत अंथरुणे, वर बैठक. आजीच्या लुगड्यांची वाकळ बोहारणीला देण्यापेक्षा त्या नव्या सोफ्यावरच अंथरा, म्हणजे पाहुणा अंग सोडून बसेल. जात्याची तळी तुळशीजवळ ठेवा. पोचा पडला असेल तर पडू द्या. तो कुठल्या तरी विहिरीच्या काठावरचा आहे.

निगा कशी राखावी, तेही सांगतो. पितळ-तांब्याला चिंच किंवा लिंबू-मीठ लावा, लगेच स्वच्छ धुवा आणि कोरडे पुसा. नाव घातलेल्या जागी मात्र वाळूने, तारेच्या घासणीने घासू नका, अक्षरे जातात. नुसते मांडायचे असेल तर कल्हईची गरज नाही. त्यात शिजवायचे असेल तर कल्हई हवीच. दही, ताक, आमटी असले आंबट बिनकल्हईच्या भांड्यात कधीही ठेवू नका.

पितळ गोठ्यात किंवा युरियाच्या पोत्यांशेजारीही ठेवू नका. इंग्रजांच्या राजवटीत आपल्या देशात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. त्याचे कारण १९२१ मध्ये उलगडले. मुतारीतून निघणारा अमोनिया ताण असलेल्या पितळाला चिरा पाडतो. घरातला हंडा कुणी न आपटता तडकला, तर भुताखेताला बोल लावू नका, तो आधी कुठे ठेवला होता ते आठवा.

सागवानावर ऑइलपेंटचे थर चढवू नका. जुना रंग खरवडून काढा, पॉलिश पेपरने हलके घासा आणि उकळलेले जवसाचे तेल फडक्याने पातळ लावा. एक हात पुरता वाळला की दुसरा. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून बाहेर उन्हात पसरून वाळवा. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेचे पांढरे लाकूड ती खाते. म्हणून लाकडी वस्तूखाली शहाबादीचा तुकडा द्या, लाकूड ओल्या जमिनीला टेकू देऊ नका. आणि शेतात फवारलेले उरलेले औषध घरातल्या लाकडाला लावायचा मोह टाळा. ते पिकासाठी आहे. ज्या खोलीत लेकरे झोपतात तिथे त्याचे काम नाही.

सगळेच ठेवा, असे मी म्हणत नाही. फुटके, गळके, ज्याची आठवण कुणालाच नाही, ते खुशाल द्या. अडचणीच्या वेळी भांडे विकावे लागले तरी त्यात कमीपणा नाही. अडीनडीला उपयोगी पडावे म्हणूनच ते माहेराहून आलेले असते. पण काट्याला लावण्याआधी भांडे एकदा उलटे करा, काठ पुसा, नाव आहे का पाहा. असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला ते मोठ्याने वाचून दाखवा आणि ती काय सांगते ते बसून ऐका. आणि भांडे ठेवायचे की द्यायचे, हे तिलाच ठरवू द्या.