दुसरा टप्पा

बुटीबोरीत बसून विम्बल्डनविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण चाकांच्या खुर्चीवरून खेळल्या जाणाऱ्या टेनिसमध्ये आमच्या या कारखान्यांच्या गावाने मनावर घ्यावे असे पुष्कळ आहे.

या खेळात मैदान तेच, जाळ्याची उंची तीच, गुणांची मोजणीही तीच. सवलत एकच : चेंडू दुसऱ्या टप्प्यानंतर परतवला तरी चालतो, आणि तो दुसरा टप्पा रेघेबाहेर पडला तरी हरकत नाही. बाकी दयामाया नाही. खुर्ची हा खेळाडूच्या देहाचाच भाग मानतात; चेंडू तिला लागला की गुण गेला. रॅकेट हातात धरूनच चाके रेटायची, आणि फटका मारताच पुन्हा वळण घ्यायचे, कारण थांबलेली खुर्ची नव्याने हलविण्यातच वेळ जातो. हिरवळीवर तर चाके अधिकच जड होतात. विम्बल्डनने या खेळाची एकेरी स्पर्धा २०१६ सालीच सुरू केली. २०२५ च्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात जपानच्या तोकितो ओडाने पहिला सेट गमावूनही इंग्लंडच्या आल्फी ह्युएटला ३-६, ७-५, ६-२ असे नमविले. ओडा नऊ वर्षांचा असताना त्याच्या पायाला हाडाचा कर्करोग झाला होता.

आपल्या मराठी मुलखालाही ही वाट नवी नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. शेहेचाळीस वर्षे! आपल्याकडे दुसरा टप्पा पडायला एवढा वेळ लागतो.

आमच्या परिचयाचा एक तरुण कामावर असताना उंचावरून पडला. कमरेखालचे अंग गेले. त्याला आम्ही हा सामना मोबाईलवर दाखविला. कोण जिंकले याकडे त्याचे फारसे लक्ष नव्हते. खालच्या बाजूला फाकलेली ती चाके तो न्याहाळत राहिला. "फादर, ही खुर्ची आपली आपण वळते हो," एवढेच तो म्हणाला. त्याची स्वतःची खुर्ची दवाखान्यातली, घडीची. ती मागून कुणीतरी ढकलावी लागते. रविवारी त्याला चर्चच्या पायऱ्या चढवायला चौघे जण आनंदाने धावतात. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांला शंका नाही. पण उचलून नेलेला माणूस ठेवल्या जागीच राहतो. उठून जावेसे वाटले तरी त्याला आधी चार जणांकडे पाहावे लागते.

चाकांच्या खुर्चीसाठी उतरण करायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, असे बांधकामाचे प्रमाण आहे. आमच्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट भरली. म्हणजे अठरा फूट. अंगणात तेवढी जागा आहे. मध्ये फक्त कण्हेरीचा वाफा येतो. तो हलवावा लागेल, असे गवंडी म्हणतो.